शेवटच्या टाकीवरचा बगळा

१. पाणी निवळलं

कत्तलखान्यामागचं पहिलं तळं मेलं, आणि मेलं तेही असं नटूनथटून की बघणाऱ्यानं म्हणावं, वा, काय पाणी आहे!

गेल्या आठवड्यापर्यंत ते हिरवंगार होतं, बोट बुडवलं तर दिसू नये इतकं दाट. आज तळाचं काँक्रीट स्वच्छ दिसत होतं. फिटरचा जो पाना चोरीला गेला म्हणून मागं एवढा गहजब झाला होता, तोही कोपऱ्यात निवांत पडलेला दिसला. शेवाळबाईंनी तो पाना बघितला आणि त्या कठड्यावरच बसल्या.

त्यांना सगळे शेवाळबाईच म्हणत. शिकून आल्या होत्या शेवाळावर, नोकरी मिळाली कत्तलखान्यात. काम सांगायला सोपं, करायला अवघड. जनावरं कापली की रक्त वेगळं निघतं, चरबी वेगळी काढतात, आणि उरतं ते धुण्याचं लालसर, वासाचं पाणी. ते पहिल्या तळ्यात येतं. तिथलं डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ त्यातली घाण खाऊन वाढतं. मग पाणी दुसऱ्या तळ्यात, मग शेवटच्या टाकीत. तिथे शेवाळ तळाशी बसतं आणि वरचं नितळ पाणी ओढ्याला जातं. तळाचा हिरवा साका थोडा रोज सकाळी पंपानं पुन्हा पहिल्या तळ्यात सोडायचा. धुलाईच्या बायका त्याला विरजण म्हणत. बाईही तसंच म्हणू लागल्या होत्या.

"कोणी केलं हे?" मालक विचारत होते. त्यांचा चेहरा पाण्यापेक्षा पांढरा पडला होता. "आता टँकर लावायचे पुन्हा? ओढ्याकाठची माणसं मला फाडून खातील!"

पहिलं तळं आधी मेलं, दुसरं नुसतं फिकट झालं होतं, शेवटच्या टाकीतला साका अजून हिरवा होता. म्हणजे विष आतून, धुलाईच्या गटारातून आलं, हे कोणीही सांगितलं असतं. मालकांनी भांडार उघडायला लावलं. ब्लीचचा एक कॅन कमी निघाला. भांडाराची किल्ली मावशींकडे असे. धुलाईच्या बायकांची मुकादम, वयानं सगळ्यांत मोठी, आवाजानंही.

मावशी आल्या. बाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि वास आला. ब्लीचचा, झणझणीत.

"बाई, तुमचं काय म्हणणं?" मालकांनी विचारलं.

आणि शेवाळबाई बोलून गेल्या, "वास तर यांच्याच हाताला येतोय."

एवढंच वाक्य. पण सगळ्या बायका ऐकत होत्या. मावशींनी मान वर केली, बाईंकडे बघितलं, मग मालकांकडे.

"ब्लीच मी नेलं," त्या म्हणाल्या. "पण तळ्यात नाही टाकलं."

"मग कुठे टाकलं?"

"ते मी सांगणार नाही. चोर म्हणा, काय वाटेल ते म्हणा."

मालकांनी त्यांना तिथल्या तिथे घरी पाठवलं.

२. भिंतीवरची बुळबुळ

शेवाळबाईंची एक रीत होती. संध्याकाळी काम संपलं की ऑफिसचं दार लावून त्या अंगावरचे कपडे बदलत, केसांना अत्तर लावत आणि मगच बस पकडत. त्याच बसला धुलाईच्या बायकाही असत. मावशी मागं बसत, आणि त्यांच्या शेजारची जागा बस कितीही भरली तरी रिकामी राही. लोक उभे राहत, पण तिथे बसत नसत. बाई पुढे बसत, खिडकीबाहेर बघत. ओळख दाखवण्याचा प्रश्नच नव्हता.

घरी मागच्या दारानं शिरायचं, आधी अंघोळ, मग स्वयंपाकघर. हा बाबांचा नियम. बाबा निवृत्त हेडमास्तर. बोलायचे कमी, पण माशांशी भरपूर. दिवाणखान्यात काचेची मोठी टाकी आणि गच्चीवर एक टब, माशांच्या खाण्याची पैदास करायला. त्या टबासाठी बाईच कधीमधी तळ्याचं हिरवं पाणी बाटलीतून आणून देत. दोघांमध्ये कत्तलखान्याबद्दल होणारं बोलणं तेवढंच.

"मासे कमी दिसतायत," जेवताना बाई म्हणाल्या, काहीतरी बोलायचं म्हणून.

"गेले दोन-चार," बाबा म्हणाले आणि ताटात बघू लागले.

मावशींची ती नजर बाईंच्या ताटात येऊन बसली होती. त्या स्वतःलाच विचारत होत्या, अगं, तू काय बोललीस? हाताला वास येतो म्हणून माणूस गुन्हेगार? तुझ्या हाताला काय गुलाबपाण्याचा येतो?

सकाळी त्या सगळ्यांच्या आधी तळ्यावर गेल्या. पाण्यात ब्लीच आहे का ते दाखवणारी कागदी पट्टी बुडवली. रंग बदलला नाही. पण त्यानं काही सिद्ध होत नव्हतं, उन्हानं ब्लीच उडून जातं. मग त्यांनी बाही वर सारली आणि तळ्याच्या भिंतीवर आतून हात फिरवला. बुळबुळ हाताला लागली. हिरवी, ताजी, जिवंत.

सगळं तळं मारणारं ब्लीच भिंतीवरच्या शेवाळाला हात न लावता गेलं? असं कसं होईल? भिंत आधी पांढरी पडायला हवी होती.

ब्लीच तळ्यात पडलंच नव्हतं. शेवाळबाई तशाच ओल्या हातानं तिथे बसून राहिल्या.

३. टँकरवाला

ब्लीच नाही तर कोण? जळणारा माणूस एकच होता. शेवाळ येण्याआधी कत्तलखान्याचं पाणी टँकरवाला न्यायचा. तळी झाली आणि त्याचा धंदा बसला. आता तो गावात पिण्याचं पाणी वाटायचा. बाई त्याच्याकडे गेल्या तेव्हा तो टँकरखाली आडवा पडून काहीतरी ठोकत होता.

"या या, तुमचीच वाट बघत होतो," खालूनच तो म्हणाला. "तळं मेलं म्हणे. आता सगळे म्हणणार, टँकरवाल्यानंच मारलं."

"मारलं का?"

तो बाहेर सरकला, हात पुसत. "बाई, खरं सांगू? पहिल्यांदा तुम्हाला शिव्या घातल्या. पण तो टँकर चालवायचो तेव्हा माझी बायको माझ्या शेजारी झोपत नव्हती. मुलगा मित्रांना सांगायचा, बाबा दुधाचा टँकर चालवतात. दुधाचा! आता तेच पोरगं पुढच्या सीटवर बसून फिरतं. मी कशाला ते तळं मारू?"

दुधाचा टँकर. त्या स्वतः लग्नकार्यात विचारलं की सांगायच्या, मी पाणी शुद्धीकरणात आहे. कुठलं पाणी, कसलं पाणी, ते नाही.

"पण तुमच्याकडे हल्ली पाहुणे फार येतात हो," टँकरवाला हसत म्हणाला. "मागच्या पायवाटेनं. मागल्या पंधरवड्यात सुट्टीच्या दिवशी जात होतो, तर टोप्या घातलेले चार-पाच म्हातारे शेवटच्या टाकीपाशी. एकजण हात करून सगळ्यांना काहीतरी दाखवत होता, वाटाड्यासारखा. मला वाटलं, सरकारी लोक."

"सरकारी माणसं सुट्टीच्या दिवशी येतात होय?"

"तेही खरंच," टँकरवाला म्हणाला आणि पुन्हा टँकरखाली गेला.

परतताना बाई मागच्या पायवाटेनंच आल्या. शेवटच्या टाकीच्या कठड्यावर एक बगळा उभा होता, एका पायावर, मान आखडून. हुसकला तर जरासा उडाला आणि परत येऊन बसला. हाही नवीनच पाहुणा, असं बाईंच्या मनात आलं. पण त्यांचं डोकं मावशींपाशी अडकलं होतं, त्या पुढे गेल्या.

४. कॅन कुठे गेला

मावशींचं घर एका खोलीचं, लखलखीत. भांडी आरशासारखी. मावशींनी दार उघडलं, बाईंना बघितलं आणि दारातच उभ्या राहिल्या.

"मावशी, ब्लीच तळ्यात नव्हतं. मला कळलंय. मी चुकले."

"मग झालं की," मावशी म्हणाल्या. "या आता."

"मालक विचारतील, कॅन कुठे गेला. तुम्ही सांगितलं नाही तर..."

मावशींनी लुगड्याच्या पदरातून दोन्ही हात बाहेर काढले आणि बाईंच्या डोळ्यांसमोर धरले. कोपरापर्यंत कातडी लाल, ठिकठिकाणी सोललेली. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडलेल्या.

"अंघोळीच्या पाण्यात टाकते," त्या म्हणाल्या. "नातीच्या शाळेत मी तिला आणायला गेले, तर तिच्या मैत्रिणी नाक धरून पळाल्या. नात घरी येऊन म्हणाली, आजी, तू नको येऊस, मी एकटी येते. मग मी काय करू? साबणानं जात नाही हो तो वास. तुम्ही बसमध्ये पुढे बसता, तुम्हाला माहीत आहे की."

बाईंचे कान तापले. म्हणजे मावशी बघत होत्या. रोज बघत होत्या, आणि कधी हाकही मारली नव्हती.

"हे चारचौघांत सांगू?" मावशींचा आवाज चढला. "मालकांपुढे, त्या पोरींपुढे? त्यापेक्षा चोर म्हटलेलं बरं. चोराला निदान कोणी नाक धरत नाही!"

आणि त्यांनी दार लावून घेतलं.

शेवाळबाई गल्लीत उभ्या राहिल्या. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. खरा गुन्हेगार सापडल्याशिवाय आपण त्या बसमध्ये पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आणि चालत निघाल्या.

५. दोन दारं

ऑफिसात येऊन त्यांनी एक साधी गोष्ट केली, जी त्यांनी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. मेलेल्या तळ्याचं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं आणि उजेडासमोर धरलं.

पाण्यात तांबूस ठिपके होते. आणि ते उड्या मारत होते.

पाणपिसवा! मोहरीहून बारीक किडे, दिवसरात्र पाण्यात तरंगणारं शेवाळ खाणारे, भिंतीला चिकटलेलं सोडून. पाण्यात प्राणवायू कमी पडला की ते तांबूस होतात. हजारो, लाखो. तळ्यात विष पडलंच नव्हतं. तळं कोणीतरी खाऊन टाकलं होतं. आणि हे काही एका रात्रीत होत नाही. चार दिवस पाणी फिकट दिसत होतं, तेव्हा बाईंनी ढगाळ हवेवर ढकललं होतं. तळी आपोआप चालतायत म्हणून भिंगाखाली थेंब बघणंही त्यांनी सोडलं होतं. बघितला असता तर मावशींचं नाव कोणाच्या तोंडी आलंच नसतं.

बरं, आले कुठून? गटारातून येणं शक्य नव्हतं, कत्तलीच्या गरम, चरबट पाण्यात पाणपिसू जगत नाही. पण पहिल्या तळ्याला पाणी यायला दारं दोन होती. एक गटार. आणि दुसरं विरजणाचा नळ. तो नळ रोज सकाळी बाई स्वतःच्या हातानं उघडत, म्हणूनच त्याच्यावर त्यांचा संशय गेला नव्हता. जो बिघाड पुढून आला असं सगळे समजत होते, तो मागून, शेवटच्या टाकीतून आला होता.

पण मग शेवटच्या टाकीत पाणपिसवा का नाहीत? बाईंनी तिथलं पाणी घेतलं होतं, वर एकही नव्हती. म्हणजे तिथे त्यांना खाणारं कोणीतरी होतं. साक्यात खोल दडलेल्या तेवढ्या वाचत, पंपाबरोबर पहिल्या तळ्यात जात, आणि तिथे त्यांना खाणारं कोणी नाही. मग काय, मोकळं रान!

पाणपिसवा कोण खातं? मासे.

बाईंना एकदम बगळा आठवला. बगळा काय तिथे हवा खायला बसला होता?

त्या धावतच मागं गेल्या. बगळा उडाला. टाकीच्या कठड्यावर ओणवून त्या पाण्यात बघत राहिल्या. बराच वेळ काही नाही. मग पाण्याखाली काहीतरी पांढरं हललं आणि वर आलं, तोंड उघडझाप करत. पांढराशुभ्र मासा, डोक्यावर केशरी टोपी.

तो मासा त्यांच्या ओळखीचा होता. पहिल्या पगारात त्यांनीच तो दुकानातून आणला होता, बाबांसाठी.

६. टोप्या घातलेले म्हातारे

बाबा गच्चीवर टबाशी बसले होते. बाईंनी टबात बघितलं. हिरवं पाणी, आणि त्यात तांबूस ठिपक्यांच्या उड्या. माशांचं खाणं. त्यांच्याच तळ्याच्या पाण्यावर पोसलेलं.

"बाबा, केशरी टोपीवाला कुठे आहे?"

बाबांनी वर बघितलं नाही. पण त्यांचे हात थांबले.

"तुम्ही मासे सोडलेत. पिशवीत या टबाचं पाणी घालून नेलंत, वाटेत उपाशी राहू नयेत म्हणून. आणि पिशवी तशीच टाकीत ओतलीत."

"त्यानं काही झालं का?" बाबांनी घाबरून विचारलं. खरंच त्यांना काही माहीत नव्हतं.

बाईंनी सांगितलं. तळं, ब्लीच, मावशी, सगळं. मावशींचे हातही. ऐकता ऐकता हेडमास्तर शाळेतल्या पोरासारखे खाली मान घालून बसले.

"फिरायला येणारे सगळे आपापल्या मुलांचं सांगतात," शेवटी ते म्हणाले. "कोणाची बँकेत, कोणाची कुठे. मी सांगितलं, माझी मुलगी तलावावर असते. तलाव राखते. ते मागंच लागले, दाखवा म्हणून. मग पुढच्या फाटकानं कसं नेऊ? मागून नेलं. आणि नुसती सिमेंटची टाकी बघून काय म्हणाले असते? चार मासे असले की बागेतल्यासारखं दिसतं. एकानं विचारलं, हा वास कसला हो? मी म्हटलं... शेजारी काहीतरी आहे."

शेजारी काहीतरी आहे. बाईंना ओरडायचं होतं. माझ्या कामाची एवढी लाज वाटते तुम्हाला? पण शब्द घशातच राहिले, कारण त्याच घशातून आयुष्यभर 'पाणी शुद्धीकरण' बाहेर पडलं होतं. अत्तराचा वास अजून त्यांच्याच केसांना येत होता.

"मला तुझी लाज नव्हती गं वाटत," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "वाटत होती. खोटं कशाला बोलू."

७. रिकामी जागा

मालकांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या कत्तलखान्याबाहेरच्या पाटीवरही 'प्रक्रिया उद्योग' एवढंच लिहिलेलं होतं.

"बाई, पाणी गाळून किडे काढता येतील ना?"

"येतील. टाकीतले मासेही काढते. शुद्ध शेवाळ माझ्याकडे बरण्यांत आहे, त्याचं नवं विरजण लावते."

"मग संपलं की! मावशींना परत बोलवा. सांगू, चुकून झालं असेल, या वेळी माफ केलं. तुमच्या वडिलांचं नाव कशाला? हेडमास्तर माणूस. तुमचीही इभ्रत आहे."

बाईंना क्षणभर, खरं सांगायचं तर क्षणाहून जरा जास्तच, ते पटलं. किती सोपं होतं! मग त्यांच्या लक्षात आलं की माफ केलं म्हणजे गुन्हा मावशींनीच केला.

"मी सगळ्यांसमोर बोलले होते," त्या म्हणाल्या. "खरं काय तेही सगळ्यांसमोरच सांगीन. फक्त कॅन कुठे गेला, ते कोणी मावशींना विचारायचं नाही. मालक, तुम्हीसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी धुलाईच्या बायका अंगणात जमल्या. मावशींना निरोप गेला होता. त्या आल्या आणि सगळ्यांत मागे उभ्या राहिल्या. बाई बोलायला लागणार, तोच पुढचं फाटक वाजलं. बाबा आत येत होते. डोक्यावर टोपी, हातात रिकामी पिशवी. आतल्या वासानं त्यांचा चेहरा कसनुसा झाला, हात खिशातल्या रुमालाकडे गेला, आणि तसाच रिकामा बाहेर आला. रुमाल त्यांनी काढला नाही.

"मी हिचा बाप," ते म्हणाले. आवाज शाळेतला होता. "तळं माझ्यामुळे मेलं. माझी मुलगी इथे काम करते हे सांगायची मला लाज वाटत होती, म्हणून मी खोटा तलाव करायला गेलो. त्यात मावशींवर आळ आला."

"आळ मी घेतला," शेवाळबाई म्हणाल्या. "यांच्या हाताला वास येतो, असं मी म्हटलं. तोच वास मला रोज येतो. मी तो कपडे बदलून लपवते. मावशी, मी तुमची माफी मागते."

बायका मावशींकडे बघत होत्या. मावशींनी पदर सारखा केला.

"गाळायला कापड लागेल," त्या म्हणाल्या. "पातळ. एवढ्याशा तळ्याला दिवसभर बघत काय बसायचं? चला गं."

दिवसभर गाळणं चाललं. बाबा पिशवीत मासे पकडत राहिले. केशरी टोपीवाला काही सापडला नाही, बगळ्यानं आपली फी वसूल केली होती.

संध्याकाळी बाईंनी ऑफिसचं दार लावलं नाही, कपडे बदलले नाहीत, अत्तराच्या बाटलीला हात लावला नाही. बाबांना घेऊन त्या तशाच बसमध्ये चढल्या. पुढच्या बाकावरच्या माणसानं नाक मुरडलं आणि अंग चोरून घेतलं. बाईंना ते लागलं. चांगलंच लागलं. मावशींना रोज लागत असणार तेवढंच.

मागं मावशी बसल्या होत्या. शेजारची जागा नेहमीसारखी रिकामी. त्यावर त्यांची पिशवी.

बाई जाऊन उभ्या राहिल्या.

"वास येतोय तुम्हाला," मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

"येऊ दे."

"मी काही अजून माफ केलेलं नाही."

"माहीत आहे मला."

बस सुरू झाली. मावशींनी थोडा वेळ लावला. मग सोललेल्या हातानं पिशवी उचलून मांडीवर घेतली.